विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास

वसई, १९ जुलै १९८२

चि. युजीन यास सालोमीताईचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायला हात धजत नाही. तीन दिवस वादळी पाऊस झाला, अंगणात गुडघाभर पाणी. ते ओसरलं आणि विहिरीच्या पाण्याला घाण वास येऊ लागला. आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. पाला कुजला असेल म्हणून मीच तिला गप्प केलं. आज कळशीत तवंग दिसला, खाली पिवळट चिकट गाळ. तेच पाणी आपलं आणि शेजारच्या नरहरीकाकांचं घर चार दिवस पीत होतं. मला दोनदा ओकारी झाली. त्यांच्या सावित्रीकाकीला तर जुलाब-उलट्यांनी इस्पितळात नेलंय. तू मे महिन्यात सुट्टीवर आलास तेव्हा बांधून दिलेल्या संडासाचा खड्डा विहिरीपासून बारा पावलांवर आहे. मला त्याचाच संशय येतो. लगेच लिही.

तुझी ताई

बहारीन, ३० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

शाळेत शिकवतेस आणि असले संशय घेतेस? पावसात विहिरी बिघडतातच. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाक. संडासाचं गावात बोलू नकोस, उगाच नाचक्की. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा युजीन

वसई, ९ ऑगस्ट

चि. युजीन यास आशीर्वाद.

पोटॅशियमने पाणी जांभळं झालं, वास तसाच. शेवटी तो संडास बांधणाऱ्या धर्मा गवंड्याला बोलावलं. खात्री करायला त्याने संडासाच्या खड्ड्यात रेशनचं दोन बाटल्या रॉकेल ओतलं. तिसऱ्या दिवशी पोहऱ्यातल्या पाण्याला रॉकेलचा वास आला. आपलाच मैला पीत होतो रे आपण! पाहुण्यांना त्याचंच सरबत पाजलं मी. काकी काल इस्पितळातून घरी आली, अर्धी झालीय. पाण्यात काय होतं, एवढंच तिने मला विचारलं. आईनेच सांगितलं. काकीने तोंडाला पदर लावला आणि उठून आत गेली.

सालोमी

बहारीन, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

हे पत्र नरहरीकाकांच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाच. जमीन रेताड आहे, पावसात आतलं पाणी वर येतं, खड्डा वाडीच्या टोकाला घे, असं धर्माने मला तेव्हाच बजावलं होतं. तिथे माझी चिकूची कलमं होती. ती उपटायला नकोत म्हणून मी त्यालाच अडाणी म्हटलं. तुला दटावणारं पत्र लिहितानाही मला हे आठवत होतं. काकी, तुम्हांला ते मीच पाजलं.

ताई, कलमं उपट आणि खड्डा तिथे खण. आशीर्वाद मागायला मला तोंड नाही.

युजीन