आल्मोआदा म्हणजे उशी

४ मार्च
विहीणबाई आल्या. तीन बॅगा, एक छत्री आणि त्यांची स्पॅनिश. सूनबाईला सातवा लागलाय, तर त्या आता बाळंतपण होईपर्यंत राहणार. माझ्याच खोलीत, दुसऱ्या पलंगावर. त्यांना मराठी येत नाही, मला त्यांचं ओ की ठो कळत नाही. दिवसभर दोघी एकमेकींकडे बघून हसतोय. गाल दुखले!

५ मार्च
अंघोळ करून येते तो काय — बाईंनी माझाही पलंग आवरलेला! आणि ह्यांची उशी दोन्ही हातांनी बदडत होत्या. धपाधप! मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. आणखी दोन धपाटे घातले.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ती उशी माझ्या उशीशेजारी असते. तिची खोळ मी धुतलेली नाही. शिवणीपाशी नाक खुपसलं तर ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास अजून येतो. हे कोणाला सांगितलेलं नाही. म्हातारी चळली म्हणतील.

६ मार्च
मुलाला विचारलं, "उशीला त्यांच्यात काय म्हणतात रे?"
"आल्मोआदा. का गं?"
"उगाच."
एवढ्याशा वस्तूला केवढं हे नाव!

८ मार्च
वाचनालयातून लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आणलं, स्पॅनिश आणि खाली मराठी. तिथली मुलगी म्हणाली, "नातवंडासाठी का, आजी?" म्हटलं, "हो. अजून जन्मायचंय, पण हुशार आहे."

शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर केलं. तीच रीत इथेही — एक शब्द धरायचा आणि त्याला दिवसभर कामाला लावायचं. उशीच्या चित्राखाली दोन ओळी आहेत. 'मी आल्मोआदा' म्हणजे माझी उशी, 'तू आल्मोआदा' म्हणजे तुझी. मी ते माझं, तू ते तुझं! हे तर घरचंच निघालं. भाजी चिरताना म्हटलं, जिना चढताना म्हटलं. शेजारीण वळून बघत होती. बघू दे.

११ मार्च
आज सगळं धैर्य एकवटलं. ह्यांच्या उशीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "एस्ता आल्मोआदा, नो." म्हणजे ही उशी नाही. हात लावायचा नाही!

बाई थबकल्या. उशी जागेवर ठेवली, वरून हलकेच हात फिरवला. मान हलवली.
जिंकले!
पण मग दिवसभर त्यांनी उट्टं काढलं. पडदे धुतले, डबे घासले, माझ्या चपलासुद्धा पुसून ठेवल्या.

१५ मार्च
आता शर्यतच लागलीय. मी पाचला उठून केर काढते म्हणून त्या पावणेपाचला उठतात. सूनबाई पोट धरून हसते. "आई, दोघी जरा बसा ना!" बसू की. आधी त्यांनी बसावं!

मुलाला विचारलं, तुझे सासरे का नाही आले? "कामात असतात," म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. म्हणजे बाईंचं सगळं जागच्या जागी आहे. नवरा असलेल्या बाईला माझ्या उशीचं काय कळणार?

१९ मार्च
मीच धुतली.

विहीणबाई अंघोळीला गेल्या तेवढ्यात डाव साधला. दोन्ही पलंगांवरच्या चादरी ओढल्या, खोळी उपसल्या, सगळं मशीनमध्ये कोंबलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मशीन फिरत होतं आणि मी ऐटीत चहा पीत होते. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

दोरीवर घालताना तिसरी खोळ हाताला आली. शिवण हुंगली. साबण. नुसता साबण.

खालीच बसले. विहीणबाई आल्या. खोळ बघितली, मला बघितलं. "एस्ता?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्या ओल्या फरशीवर माझ्या शेजारी बसल्या. पातेलं गॅसवर करपलं तरी दोघींपैकी एकही उठली नाही.

२० मार्च
आज विहीणबाई पुस्तक घेऊन माझ्या पलंगावर बसल्या. "मी मारीदो," म्हणाल्या — त्यांचा नवरा. मग पुस्तकातल्या 'गेला' या शब्दावर बोट ठेवलं. मी आभाळाकडे बोट केलं. त्यांनी नाही म्हणून माझं बोट धरलं आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे वळवलं. पुस्तकातल्या एका ठसठशीत बाईच्या चित्रावर टिचकी मारली.

मग एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "ई कोन मी आल्मोआदा!"

कोणाला न विचारता मला अख्खं कळलं. तिच्याबरोबर गेला, आणि बाईंची उशीही घेऊन गेला! त्या आधी हसल्या. मग मला आवरेना.