आवाज जिथे हळू चालतो

११ जाने., रवि.
संशोधनाच्या जहाजावरून मुक्ताचा फोन. लेकीचा वार रविवार. सौ. निफाडच्या द्राक्षमळ्यात वाढलेली, या बांधावरून त्या बांधाला हाक मारून. माणूस जितकं लांब, तितका आवाज मोठा. मु. हिंदी महासागरात, म्हणजे तिला भात चिकट मिळतो हे आख्ख्या बिल्डिंगला कळलं.
शेवटी मु. म्हणाली, "पुढच्या सफरीलाही विचारलंय. वर्षभराची. पुढच्या रविवारनंतर कळवायचंय."
सौ. ओरडली, "भाताला पाणी जास्त घालू नका म्हणावं!"
मग बराच वेळ कढई घासत होती. घासलेलीच.

१३ जाने.
मु.ला मेल: समुद्रात माइक सोडून ऐकता काय? आमच्या तर्कशास्त्रात शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण, पाण्याचा नव्हे.
उत्तर: "बाबा, आकाशाला कळवा, शेकडो मैलांवरचा देवमासा ऐकू येतोय."
खोल पाण्यात एक थर असतो म्हणे. वर पाणी कोमट, खाली दाब प्रचंड. दोन्हीकडे आवाज वेगात. मधल्या थरात सर्वांत हळू. तिथला आवाज वर निघाला, खाली निघाला, तरी वळून तिथेच येतो. कुठे आपटून विरत नाही, म्हणून दूर जातो.
लाटेतून लाट उठावी तसा शब्द पसरतो, एवढं आमच्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. हा थर मात्र राहिला.

१४ जाने., संक्रांत
सौ.ला वाचून दाखवलं. लाडू वळत ऐकलं.
"म्हणजे ओरडून उपयोग नाही?"
"शास्त्रार्थ अगदी तसा नाही..."
"अहो, हो की नाही तेवढं सांगा."
"उपयोग नाही."
"आणि तुम्ही तिला काय सांगणार? ये, का जा?"
मी एक सुभाषित काढलं. पहिल्या चरणालाच तोंडात लाडू.

१८ जाने., रवि.
फोन वाजताच सौ.ने मला हॉलमध्ये पिटाळून दार लोटलं. मी दाराला कान लावून. (वय, विद्वत्ता इ. बाजूला.) काही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा शब्द भिंतीपलीकडे आला नाही, असं प्रथमच. समुद्रापार पोचला, हॉलपर्यंत नाही. याला कुठलाही न्याय लावून पाहिला, बसेना.
बाहेर आली. पदराने फोन पुसत होती.
"काय सांगितलंस?"
"जे सांगायचं होतं ते."
"ती काय म्हणाली?"
"म्हणाली, आई, परत एकदा म्हण."
"मग?"
"म्हटलं. अजून हळू."