गळा साफ, तरी खाटेवरच

आर्वी, १२-११-५६
बेबीच्या घशातला पांढरा पापुद्रा गेला! डॉ.नी टॉर्च मारून दाखवलं. "घटसर्प गेला मास्तर, गळा साफ हाय." शांतानं तिथंच पदर डोळ्याला लावला. पण लगेच म्हणतात, पोरीचा पाय खाटेखाली पडू द्यायचा नाही, हृदयाचा भरवसा नाही. आजार गळ्याचा अन् भीती हृदयाची! काऊन? डोकं चालेना.

१४-११
शांताचा नवस आहे. बेबी बरी झाली की स्वतःच्या पायानं मातेच्या ठाण्यावर जाईल, वाटेतल्या पाच घरी फुटाणे वाटील. फुटाणे आणूनही ठेवले.
"मंगळवारी नेतो मी इले," शांता म्हणाली.
नाही म्हटलं.
"तुमी मास्तर हा का डाक्टर?"
उद्या डॉ.नाच विचारतो.

१५-११
डॉ.कडे गेलतो. म्हणाले, घटसर्पाचे जंतू गळ्यात विष सोडतात, ते रक्तातून हृदयापर्यंत जातं. टोचलेलं सिरम रक्तातलं विष मारतं. पेशीत आधीच शिरलेल्याला गाठू शकत नाही. पेशीचं आवरण वाटेल त्याला आत घेत नाही, हे वर्गात मीच शिकवतो. मग हे विष, एवढं मोठं प्रथिन, आत शिरलं कसं?
"थे कोनालेच नाई मालूम, मास्तर."
विष जातं तर औषध काऊन जात नाही? चिडलो. डॉक्टरवर की कोणावर, देव जाणे.

१७-११
दूध पिता पिता बेबीच्या नाकातून आलं. "बाबा, पाहा न!" खो खो हसली. आम्हीही हसलो, मूर्ख. डॉ. हसले नाहीत. टाळूच्या नसा लुळ्या पडल्या म्हणे, विष तिथंही पोचलं. नाडीवर लक्ष ठेवा.
शांता त्यांच्यावरच उखडली, "गळा साफ म्हनलं होतं न तुमी?" मलाही तेच विचारायचं होतं.

२०-११, मंगळवार
शाळेतून आलो तर बेबीची वेणी घातलेली, अंगात नवा परकर. दारातच आडवा उभा राहिलो.
"सरका. नेत नाई मी तिले. बायाच इथं येऊन राह्यल्या."
पाचही घरच्या बाया आल्या. बेबीनं पडल्या पडल्या एकेकीच्या ओंजळीत फुटाणे टाकले.
"माता समजून घेईन न?" शांतानं मला विचारलं. मला! आजवर देवाचं काही मला विचारलं नव्हतं तिनं.
बाया गेल्यावर नाडी धरली. चालते, अडखळते, पुन्हा चालते. डॉ.ना निरोप धाडलाय, अजून आले नाहीत.
"बाबा, मी बरी झाली न? मंग चालू काऊन देत नाई मले?"
"देईन," म्हटलं.
उजव्या हातानं हे लिहितोय. डाव्यात तिचं मनगट आहे, सोडवत नाही.