दिवसाच्या चंद्राचा तास

१० नोव्हेंबर, सोमवार
सहावी ब. स्लाइड म्हणते, चंद्र रात्री दिसतो. वल्लरीने हात वर केला. म्हणे, सर, मला आज सकाळी स्कूल बसमधून दिसला, आणि टेस्टमध्ये ‘दिवसापण’ लिहिलं तर टॅबने फुली मारली. वा रे पोरी! उद्या अख्ख्या वर्गाला ग्राउंडवर नेऊन चंद्र दाखवणार. हेड ऑफिसचा लेसन प्लॅन गेला खड्ड्यात. शिक्षक मी आहे, टॅब नाही.

११ नोव्हेंबर
नेलं नाही. कुठला वर्ग कुठल्या स्लाइडवर आहे ते हेड ऑफिसला तिकडे दूर व्हाइटफील्डमध्ये बसून दिसतं. मागे पडलं की शिक्षकाचं नाव लाल. मी घाबरत नाही, पण क्रांतीची सुरुवात लाल नावाने कशाला? वल्लरीला म्हटलं, उद्या नक्की. चंद्र खिडकीतून दिसत होता. प्रोजेक्टरसाठी पडदे ओढून घेतले.

१२ नोव्हेंबर
रीतसर परवानगी घ्यावी, म्हणजे दणक्यात करता येईल. कोऑर्डिनेटर शिवलीला मॅडम त्यांच्या कानडी मराठीत म्हणाल्या, दयानंद सर, स्वल्प ॲडजस्ट करा, आधी मेल टाका. टाकला. कडक लिहिलाय. बायकोने फक्त ‘मागणी’ खोडून ‘नम्र विनंती’ केलं.

१४ नोव्हेंबर, बालदिन
शिक्षकांचा नाच. मी ससा. वल्लरी आली, सर, चंद्र बारीक झालाय पण आहे अजून, जायचं? म्हटलं, सशाच्या कानांनी सायन्स शिकवू का गं? हसली नाही.

१७ नोव्हेंबर
मेलला उत्तर नाही. बायको म्हणते, वर बघायला परवानगी कसली लागते हो? हिला सिस्टिम कळत नाही. वल्लरीने आज काही विचारलं नाही. समजूतदार आहे.

२० नोव्हेंबर, सकाळी
परवानगी आली!! शेवटी जिंकलोच.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
सगळ्यांना ग्राउंडवर नेलं. आभाळ स्वच्छ. चंद्र नाही. आज अमावस्या. सायन्स टीचर मी, आणि कॅलेंडर घरी फ्रिजशेजारी टांगलेलं.

मुलं खो खो हसली. वल्लरीला म्हटलं, सांग ना यांना, तू बघितलायस. ती खाली बघत म्हणाली, असू दे सर, माझंच चुकलं असेल. वाटलं, मला सांभाळून घेतेय. पण वर्गात जाऊन टॅबवरच्या टेस्टमध्ये तिने स्लाइडचंच लिहिलं: चंद्र रात्री दिसतो. हिरवी खूण आली. एवढी धीट पोर, मी घालवली.

शिवलीला मॅडमनी अभिनंदन केलं. सहावी ब शंभर टक्के बरोबर, नाव हिरवं.

मी थँक यू म्हणालो.