मालिकेतली ती बाई

बॉयल हाइट्स, लॉस एंजेलिस
रविवार

प्रिय नायेली,

आधी तुझ्या आजीची बातमी. परवा स्टुडिओतून आल्यापासून ती स्वतःला नटीच समजतेय. गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगते, "नातीची मालिका माझ्यावाचून चालत नाही." मक्याच्या पिठाचे टमाले विकणाऱ्या चेलाबाईंनी तिची सही मागितली. थट्टेनं मागितली गं, पण हिनं दिली!

तू लिहिलेल्या मालिकेचं चित्रीकरण बघायला आम्ही प्रेक्षकांत जाऊन बसलो, पडदा सरकला, आणि समोर आपलंच घर. पुढच्या खोलीत आडोसा करून आजीची खाट, फ्रीजवर ग्वादालूपेच्या मेरी माउलीची तसबीर. मी हसत होते, तेवढ्यात तो प्रसंग आला. नवरा पुन्हा पिऊन दारात उभा, आणि ती बाई दोन लेकरांना पाठीशी घालून म्हणते, "शुद्धीवर आलास की पोरांना भेटायला ये. राहायला नको." शब्दन् शब्द माझाच. तू तेव्हा जेमतेम सात वर्षांची. मला इतकी वर्षं वाटायचं, तू टीव्ही बघत होतीस.

लोक टाळ्या वाजवत उठले. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "धीराची आहे हो." तुझी आजी गप्प बसते होय? उभी राहून ओरडली, "धीराची बाई इथं बसलीय! ही, माझी लेक ओफेलिया!" चित्रीकरण थांबलं. वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले, आणि पलीकडे तू तोंडावर हात धरून रडत होतीस.

अगं, याच आजीनं तेव्हा "देवासमोर केलेलं लग्न मोडतेस?" म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी शाळेच्या बसवर चालक म्हणून लागले, त्या दिवशी ती बोचकं घेऊन दारात हजर. अबोला तसाच. पण मी कामावरून येईपर्यंत तुमची वेणीफणी, अभ्यास, स्वयंपाक सगळं झालेलं असायचं. एके दिवशी भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज म्हणाली, "वाळलीस गं." तिथं अबोला सुटला.

फोनवर तू विचारलंस, "आई, शेवटच्या भागात त्या बाईचं लग्न लावा, नाहीतर गोष्ट अपुरी वाटेल असं वाहिनीतले वरचे म्हणतात. तू सांग, काय करू?" मला ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून फोन ठेवला आणि आज लिहितेय. आजी म्हणते, दंतवैद्याशी लाव, माझी कवळी तरी नीट होईल. मी म्हणते, नको. एकटं वाटलं मला, कितीदा तरी. अपुरं कधीच नाही. गोष्ट पुरी करायचीच असेल तर तिला टेबलाशी बसव, पोरांना तिच्या ताटात वाढू दे, आणि जेवण गरम आहे तोवर तिला जेवू दे. आणि वरच्यांना सांग, जिची गोष्ट आहे तिनंच हे ठरवलंय.

तुझा अभिमान पोटात न मावणारी,
तुझीच,
आई