फेरचाचणीत ताईच्या पुढे धावण्याची परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. मुख्य प्रशिक्षण अधिकारी,
लष्करी वैमानिक प्रशिक्षण केंद्र.

विषय : शारीरिक क्षमता चाचणीत अपात्र ठरलेल्या माझ्या ताईची फेरचाचणी घेऊन तीत तिच्या पुढे धावण्याची मला परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : ताईला प्रशिक्षणातून कमी केल्याचे आपले पत्र. (ते आईने कपाटात साड्यांखाली घातले आहे, म्हणून जावक क्रमांक देता येत नाही.)

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज करते की, मी नववीत शिकते. असा अर्ज मोठ्यांनी करायचा असतो हे मला माहीत आहे. पण आमच्या घरातले मोठे सध्या एकमेकांशी 'भात वाढू का' याच्यापुढे बोलत नाहीत.

१. ताई आपल्या केंद्रात विमान चालवायला शिकत होती. तिच्या उड्डाणाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तिचे शिक्षक तिला म्हणाले होते, "विमान तुझं ऐकतं." लेखी परीक्षाही ती पास आहे. राहिले ते फक्त धावणे. तीन संधी मिळाल्या, तिन्ही हुकल्या, शेवटची तर चार सेकंदांनी. चार सेकंदांत आमच्या दाराची कडीसुद्धा निघत नाही, महोदय.

२. आता माझ्याविषयी. मागच्या वर्षापर्यंत घरात मला 'पोतं' म्हणत. ताई सुट्टीवर आली तेव्हा सराव करायला शाळेच्या मैदानावर जायची आणि मी पायरीवर बसून शेंगा खायचे. एकदा ती म्हणाली, "पोत्या, खातेस काय नुसती, ऊठ, माझ्या पुढे धाव. समोर कुणी नसलं की माझे पाय मंदावतात." मग मी पुढे आणि ती मागे. तिला घड्याळ लागायचे नाही. "तुझी वेणी डावी-उजवी हलते ना, तिच्यावर पाय टाकत येते मी," असे ती म्हणायची. त्या सुट्टीत ती रोज संध्याकाळी आपल्या केंद्राने ठरवलेल्या वेळेत बसली. वेळ बाबा लावायचे. ते बस आगारात गाड्यांच्या वेळा बघतात आणि घरच्यांनाही सेकंद सोडत नाहीत. या सगळ्यात मी शाळेच्या संघात गेले. आता मैदानावर मोठ्या मुली मला वाट देतात. म्हणजे माझा हा वेग ताईनेच घडवलेला आहे, हे कृपया नोंदवावे.

३. पहिल्या दोन चाचण्यांत बाकीचे पहिल्याच वळणावर तिला टाकून गेले. तिसऱ्या वेळी चाचणी तिची एकटीचीच होती. अख्खे मैदान रिकामे, आणि टोकाला खुर्चीवर घड्याळ घेऊन बसलेले एक साहेब. तिच्या समोर काय होते? काहीच नव्हते. ताईच्या पुस्तिकेत 'बाहेरच्या व्यक्तीने सोबत धावू नये' असा नियम आहे, तो मी वाचला आहे. मी सोबत धावणार नाही. मी पुढे धावणार आहे.

४. ताईने मला सांगितले होते की आकाशात एका विमानामागे दुसरे, ठरलेले अंतर राखून न्यायचे असते, आणि नजर पुढच्या विमानावरून हलवायची नसते. त्यात ती सगळ्यांत चांगली होती. वर पुढे कुणी असलेले चालते, तर खाली का चालू नये, याचा खुलासा व्हावा.

५. मला प्रवेश देणे नियमात बसत नसेल, तर माझी वेणी आपल्या एखाद्या सायकलला मागे बांधून ती ताईच्या पुढे चालवावी. आईचे केस कापण्याचे दुकान आहे, त्यामुळे वेणी मिळण्यास विलंब होणार नाही.

६. ताई सध्या घरीच असते. विमानाचा आवाज आला की भांडी असोत-नसोत, नळ सोडते. परवा मी तिला ओढून मैदानावर नेले. बाबाही आले. मी पुढे धावले आणि दुसऱ्या फेरीत मागची पावले ऐकू येईनाशी झाली. वळून बघते तर ती वळणावर उभी. म्हणाली, "थांबू नकोस माझ्यासाठी. जा तू." मी गेले. बाबांनी सवयीने घड्याळ लावलेले होते. ते त्यांनी खिशात टाकले. ताईने येऊन त्यांच्या खिशातून काढून बघितले आणि म्हणाली, "पोत्या, तू वेळेत बसलीस की गं. आरामात." आणि माझ्या पाठीवर थाप दिली. तिने रागवायला हवे होते.

७. सबब, माझ्या वेळेत जे सेकंद शिल्लक राहतात ते ताईच्या नावे करता येत असल्यास करावेत. मला ते नको आहेत. चारच लागतात. येत नसल्यास वरील क्रमांक ५ चा विचार व्हावा.

हा अर्ज ताईला दाखवलेला नाही. दाखवला तर ती नको म्हणेल.

आपली नम्र,
अपात्र उमेदवाराची धाकटी बहीण

(पालकांची सही : बाबांनी दोनदा वाचून केली आहे.)

सोबत :
१) शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा माझ्या वेगाबद्दलचा दाखला.
२) वेणी, एक, लाल रिबिनीसह. आईने काल दुकान बंद केल्यावर कापून दिली, कशाला ते विचारले नाही. परत पाठवण्याची गरज नाही, माझे केस लवकर वाढतात.