सुखरामच्या पायाचा अंगठा

बालाघाट, १२ फेब्रुवारी १९६४, संध्याकाळ

आमचे मोठे डॉक्टर म्हणजे नुसता इस्त्रीचा कोट. महिन्यापूर्वी खाणीत दरड कोसळली, तेव्हापासून मजूर सुखरामचे पाय हलत नाहीत. आज डॉक्टरसाहेब खाणीच्या ठेकेदारासमोर म्हणाले, "नाटक करतोय. तसं लिहून देतो."

मी किल्लीने सुखरामच्या तळव्यावर रेघ ओढली. अंगठा वर गेला. खाली वळायला हवा होता! मेंदूपासून पायापर्यंतची वाट पाठीत तुटली की असं होतं. अंगठ्याला नाटक कुठलं येतंय? मग गुडघ्यावर ठोकलं, तर पाय ताडकन उडाला. मोठे डॉक्टर हसले, "पाहिलंत? हलवतोय!" अहो, मेंदूला न विचारताच तो उडतो! हा माणूस पास तरी कसा झाला?

सुखरामची बायको म्हणाली, "डाक्टरीणबाई, पाय तं उडते, मंग हे चालत काहून नाही?" त्या कोटापेक्षा हिचा प्रश्न शहाणा. तिला सगळं समजावलं.

त्याला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायच्या कागदावर मीच सही करायचं ठरवलं.

"नौकरी प्यारी नहीं क्या?" मोठ्यांनी विचारलं.

"कागद द्या," एवढंच मी म्हणाले. आणि सही करून टाकली.

उद्या सकाळच्या गाडीने दोघं निघतील. पाय पुन्हा चालतील असं मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.